बेळगावात गल्लीतलं चांगलं कॉफीचं ठिकाण कसं निवडायचं? नावं नकोत, खुणा सांगा

पारिजात

नमस्कार मंडळी.

हिंदवाडी, टिळकवाडी, भाग्यनगर या आमच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत कॉफीची ठिकाणं भराभर उघडली. त्यातली काही तितक्याच भराभर बंदही झाली. कुणी पाहुणा आला की "इथं चांगली कॉफी कुठं मिळते?" हा प्रश्न ठरलेला, आणि दर वेळी माझं उत्तर वेगळं, कारण विचारणारा वेगळा. माझ्या वडिलांना दुपारी पेपर घेऊन निवांत बसायला जागा लागते. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला चार मित्र आणि एक चार्जिंग पॉइंट लागतो. मी घरून काम करते, त्यामुळे अधूनमधून एखादी सकाळ घराबाहेर बसावंसं वाटतं.

एक विनंती आहे. हॉटेलांची आणि कॅफेंची नावं लिहू नका. चांगलं लिहिलं की जाहिरात होते, वाईट लिहिलं की कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, आणि कॉफी करणारा माणूस बदलला की सगळीच माहिती शिळी होते. त्यापेक्षा आत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय बघता ते सांगा. गल्ली, चौक, परिसर जरूर सांगा.

माझं मत आधी मांडते. ठिकाण चांगलं की वाईट हे कॉफीइतकंच वेळेवर ठरतं. सकाळी सातला जिथं बसून बरं वाटतं तिथं संध्याकाळी सहाला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून "कुठं" विचारण्याआधी "कधी आणि कुणाबरोबर" हे विचारावं. आत शिरले की मी तीन गोष्टी बघते. साखर विचारून घालतात का. पाण्याचा पेला न मागता येतो का, आणि तो स्वच्छ आहे का. आणि टेबलावर मराठी आणि कानडी, दोन्ही पेपर पडलेत का. दोन्ही पेपर असतील तर तिथं आसपासची माणसं रोज येतात, एवढं नक्की धरून चालावं.

---

डिकॉक्शन

धागा आवडला. मी फिल्टर कॉफीपुरतं बोलतो, कारण बाकीच्यातलं मला कळत नाही.

फिल्टर कॉफी तीन जागी बिघडते: पूड, डिकॉक्शनचं वय आणि दूध. पूड कुठली ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. बाकीच्या दोन गोष्टी नीट बघितलं तर दिसतात.

फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड हलकी दाबून त्यावर कडक पाणी ओतलं की पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन उतरतं. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घातलं तर पातळ उतरतं, रंग येतो पण वास येत नाही. ताजं डिकॉक्शन तास-दोन तास उत्तम. नंतर ते गरम ठेवत गेलं की आंबूस कडवटपणा येतो आणि मग साखर वाढवून तो झाकावा लागतो. गर्दीच्या वेळी कॉफी चांगली लागते ती यामुळेच. डिकॉक्शन संपत राहतं, नवं उतरत राहतं. दुपारी तीनला त्याच हॉटेलात सकाळचं उरलेलं पदरात पडू शकतं. नवं ठिकाण पारखायचं असेल तर सकाळी साडेसात ते नऊ जा. मग एकदा मुद्दाम दुपारी जा. दुपारीही तीच चव मिळाली तर ते हॉटेल धरून ठेवा.

दुधाचं असं, की सारखं उकळत ठेवलेल्या दुधाला आटल्याचा वास येतो. बासुंदीत तो हवाहवासा वाटतो, कॉफीत नाही. आपल्याकडे म्हशीचं दाट दूध मुबलक, कुंदा ही दुधाची मिठाई इथंच जन्मली ती उगाच नाही. पण त्या दाट दुधात हलकं डिकॉक्शन बुडून जातं. म्हणून आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांची कॉफी जरा कडक असते. तो दोष समजू नका, दुधाला धरून बसवलेलं प्रमाण आहे ते.

शेवटचं, चिकोरी. ही कॉफी नव्हे, एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यानं कॉफीला रंग आणि दाटपणा येतो. त्यात कॅफीन नसतं. आपल्याकडच्या नियमानुसार चिकोरी मिसळलेल्या कॉफीत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापावं लागतं. मला चिकोरीचा राग नाही, पाचात एक भाग असली तर चांगलीच लागते. पण कप काळाकुट्ट आणि नाकाला काहीच नाही, असं झालं तर समजा प्रमाण फार वर गेलंय. गल्ल्यावर सरळ विचारा, "चिकोरी किती असते?" ज्याला आपल्या कॉफीची काळजी आहे तो आकडा लगेच सांगतो.

---

शहापूरकर

सगळं बरोबर आहे ओ, पण आमच्या शहापूर-वडगावकडं आधी चहा, मग कॉफी. मागवाले, म्हणजे विणकर, पहाटेपासून कामाला बसत्यात, त्यांना कडक चहा लागतोय. कॉफी म्हणजे पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. पण म्हणून आमच्याकडं चांगली कॉफी मिळत नाही असं समजू नका. खडेबाजाराच्या बाजूला लहान लहान हॉटेलं आहेत, चार बाकडी आणि एक फिल्टर. तिथं सांगावं लागतंय, "डिकॉक्शन जास्त, साखर कमी." सांगितलं की माणूस मनापासून करून देतोय.

माझी खूण सांगू? बाय टू. एका कॉफीचे दोन भाग मागा. तोंड न वाकडं करता दोन पेले भरून दिले, आणि दोन्हीकडं सारखं दिलं, तर ते हॉटेल गल्लीचं आहे. जिथं बाय टू म्हटल्यावर मेनूकार्डाकडं बोट दाखवत्यात तिथं एकदा जावं, सारखं नको.

---

पारिजात

बाय टू ची खूण फारच आवडली. वडील आणि त्यांचे मित्र वर्षानुवर्षं तेच करतात. पूर्ण कप घेतला तर रात्री झोप येत नाही म्हणतात.

---

आडवाटेवरचा

@पारिजात, झोपेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती, आणि रोबस्टात कॅफीन साधारण दुप्पट असतं. भारतात पिकते त्यात रोबस्टाच जास्त. स्वस्त पुडीत आणि कडक हॉटेली मिश्रणात तीच अधिक घालतात, कारण ती दाट आणि कडू उतरते. वडिलांसाठी दुपारी चारच्या आतली कॉफी, अर्धा पेला, आणि हॉटेलवाला सांगत असेल तर अरेबिका जास्त असलेली पूड, इतकं बघा. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर अर्थात तेच आधी.

ज्येष्ठांच्या दृष्टीनं मी जागेची परीक्षा अशी करतो. पायऱ्या किती आहेत, आणि कठडा आहे का. खुर्चीला पाठ आहे का. नव्या कॅफेंतले उंच स्टूल साठीच्या पुढच्या माणसाला त्रासाचेच. गाणी इतकी मोठी नकोत की समोरच्याला दोनदा सांगावं लागेल. आणि स्वच्छतागृह. हे विचारायला लोक संकोचतात, पण साठीनंतर घरातून बाहेर किती वेळ थांबायचं हे त्यावरच ठरतं. कॅम्पात आणि काँग्रेस रोडच्या बाजूला जुन्या बंगल्यांत उघडलेली काही ठिकाणं या बाबतीत बरी आहेत. व्हरांडा असतो, झाड असतं, हवा खेळती असते. बाजारपेठेत, म्हणजे गणपत गल्ली, मारुती गल्ली, किर्लोस्कर रोड इथं कॉफी चांगली मिळते, पण ती पिऊन उठायची. बसून राहणाऱ्यासाठी ती जागाच नाही, आणि हॉटेलवाल्याचा त्यात दोष नाही.

---

ओला_रेनकोट

मी नव्या पद्धतीच्या कॅफेंबद्दल लिहितो, म्हणजे एस्प्रेसो मशीन असलेल्या. मी लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांतला आहे.

पहिल्यांदा ग्राइंडर बघा. ऑर्डर दिल्यावर बिया दळण्याचा आवाज आला पाहिजे. दळून ठेवलेल्या पुडीचा वास फार लवकर उडतो. मशीन कितीही महागडं असलं तरी शिळ्या पुडीतून ते चव आणू शकत नाही. दुसरं, दूध तापवण्याची वाफेची नळी. प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्यानं पुसली पाहिजे आणि वाफेचा एक झोत सोडून आतून मोकळी केली पाहिजे. नळीवर दुधाची पांढरी पापडी धरलेली दिसली तर मी काळी कॉफी मागतो. तिसरं, बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख असते. विचारली तर दाखवतात का बघा. महिना-दीड महिन्याच्या आतली असेल तर उत्तम.

मेनूही वाचा. कॉफी, पिझ्झा, मोमो, चायनीज, मिल्कशेक आणि पन्नास मॉकटेल असं सगळं एकाच स्वयंपाकघरात असेल तर कॉफीकडे बघायला माणूस उरत नाही. पाच-सहा कॉफ्या, दोन-चार खाण्याचे पदार्थ, अशी ठिकाणं बहुधा बरी निघतात.

दुधाच्या कॉफीबद्दल एक. चांगला कॅपुचिनो जीभ पोळेल इतका गरम नसतो. दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवायचं असतं, त्यापुढं त्याचा गोडवा जातो. आपण फिल्टर कॉफी वाफाळती प्यायला सरावलेले, म्हणून कॅपुचिनो "गारढोण" वाटून परत पाठवतो. पाठवू नका. एकदा तसाच पिऊन बघा.

---

कॅम्पचा_वड

वरचं वाचून थोडं मागचं सांगावंसं वाटलं. नव्या कॅफेंकडून आपण काय अपेक्षा ठेवावी ते त्यातून कळतं.

कॉफी बोर्ड १९४२ च्या कायद्यानं आलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं मळेवाल्याला आपलं पीक बोर्डाकडेच द्यावं लागे, सगळ्यांचा माल एकत्र होई आणि तिथून विकला जाई. कुठल्या मळ्यातली बी, कुठल्या उतारावरची, हे पिणाऱ्यापर्यंत पोचतच नसे. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं सैल झालं आणि १९९६ मध्ये पूर्ण उठलं. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे चं पहिलं दुकान उघडलं. आज चिकमगळूर, कोडगू, हासन इकडचे मळेवाले स्वतः भाजून, स्वतःचं नाव घालून कॉफी विकतात, ते या बदलामुळे शक्य झालं.

देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. बाबाबुडनगिरीच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून लावल्या अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. तो डोंगर आपल्याच राज्यात. पीक साधारण नोव्हेंबरपासून उतरायला लागतं. इतक्या जवळ मळे असताना बेळगावातल्या कॅफेनं शिळ्या, कधी भाजल्या याचा पत्ता नसलेल्या बिया वापराव्यात हे मला पटत नाही. मुंबई-पुण्याला माल आपल्यावरून पुढं जातो. म्हणून मी नव्या ठिकाणी गेलो की एवढंच विचारतो, "बी कुठली?" जिल्हा सांगितला तर बरं. मळा सांगितला तर मी पुन्हा जातो.

---

डिकॉक्शन

@कॅम्पचा_वड, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून: हाच प्रश्न पुडीच्या दुकानातही विचारा. आपल्या बाजारात समोर दळून देणारी दुकानं अजून आहेत. हवं ते मिश्रण सांगता येतं, थोडी थोडी घेता येते. ज्या हॉटेलची कॉफी आवडली त्याला पूड कुठली ते विचारा, बहुतेक जण सांगतात. घरी आणून हवाबंद डब्यात ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.

---

खानापूरवाली

मी थोडा वेगळा मुद्दा मांडते. बाई एकटी कॉफी प्यायला गेली तर काय होतं?

जुन्या हॉटेलांत "फॅमिली रूम" असायची, काही ठिकाणी अजून आहे. आत पंखा कमी, उजेड कमी. मी बेळगावात कामाला येते, खानापूरची गाडी सुटायला वेळ असला की स्टँडच्या बाजूला नाहीतर रेल्वे स्टेशनकडं कॉफी घेते. एकटी दिसले की पोऱ्या आतल्या बाजूला बोट दाखवतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, तशी पद्धतच पडलीय. पण मला खिडकीशी बसून रस्ता बघायचा असतो. म्हणून माझी एकच कसोटी: पुढच्या टेबलावर बसले तर कुणी उठवत नाही, टक लावून बघत नाही, आणि दुसरं कुणी येणार आहे का असं विचारत नाही. या कसोटीत काही नवी, चकचकीत ठिकाणं नापास झाली आणि एक अगदी साधं उडुपी हॉटेल पास झालं. तिथं गल्ल्यावर बाई बसते. हा योगायोग नाही असं मला वाटतं.

दुसरं, मी मराठीत मागते, शेजारचा कानडीत मागतो, मिलिटरीतला जवान हिंदीत मागतो, आणि पोऱ्या तिघांनाही त्यांच्या त्यांच्या बोलीत "साखर घालू का" विचारतो. अशा ठिकाणी कॉफी जरा डावी-उजवी झाली तरी मी पुन्हा जाते.

---

पारिजात

@खानापूरवाली, हा मुद्दा माझ्या यादीत पहिला यायला हवा. ज्या ठिकाणी सकाळी फिरून आलेल्या बायकांचा घोळका बसलेला असतो तिथं एकट्या बाईलाही मोकळं वाटतं, हा माझा अनुभव. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे असे घोळके दिसतात. फिरून झालं की ते कुठल्या दाराशी थांबतात ते बघावं.

---

मधली_सुट्टी

विद्यार्थ्यांच्या बाजूनं लिहितो. आम्ही कोल्ड कॉफीवाले. वर कुणी तिचं नावही काढलं नाही.

आम्हाला परवडणं महत्त्वाचं, बसू देणं महत्त्वाचं, आणि प्लग महत्त्वाचा. आरपीडी चौक ते तिसरं रेल्वे गेट या भागात आणि उद्यमबागेच्या बाजूला कॉलेजच्या पोरांसाठी ठिकाणं भरपूर आहेत. नेहरूनगर, सदाशिवनगरला मेडिकलचे विद्यार्थी, तिथली काही उशिरापर्यंत उघडी असतात. परीक्षेच्या दिवसांत नेहरूनगरकडची शांत असतात, कारण सगळेच अभ्यासाला आलेले.

चांगली कोल्ड कॉफी ओळखायची म्हणजे आधी आइस्क्रीम न घालता मागा. आइस्क्रीम आणि चॉकलेटचं सरबत ओतलं की खाली काय आहे ते कळतच नाही. साधी मागितल्यावर दूध, कॉफी आणि बर्फ एवढ्यावर जी चव उभी राहते तीच खरी. बर्फाचं पाणी होऊन ती पाचव्या मिनिटाला पांचट झाली तर कॉफी कमी घातलेली असते.

आणखी एक विनंती वडीलधाऱ्यांना. आम्ही चौघं एका टेबलावर दोन तास बसलो की लोक आमच्याकडं रागानं बघतात. आम्ही मधेमधे काहीतरी मागवत असतो. मालकाची हरकत नसेल तर बसू द्या.

---

ओला_रेनकोट

@मधली_सुट्टी, बसण्याबद्दल मी स्वतःला घातलेला नियम सांगतो. तासाला एक काहीतरी मागवायचं. गर्दी वाढली की चार जणांचं टेबल सोडून लहान टेबलावर जायचं. शनिवार-रविवार संध्याकाळी लॅपटॉप उघडायचाच नाही. फोनवरची मीटिंग बाहेर जाऊन घ्यायची. छोट्या कॅफेत आठ-दहा टेबलं असतात, त्यातलं एक मी दिवसभर अडवलं तर मालकाचं भाडं कुठून निघणार? आपल्याला आवडलेलं ठिकाण टिकावं असं वाटत असेल तर ते चालू ठेवण्याचा थोडा भार आपणही उचलला पाहिजे.

पावसाचंही बघा. जून ते सप्टेंबर बेळगावात ओल, गारवा आणि दिवसेंदिवस चालणारी झड असते. कॉफीला याहून चांगली हवा दुसरी नाही, पण जागेची खरी परीक्षा तेव्हाच होते. छत्री-रेनकोट ठेवायला दाराशी जागा आहे का, फरशी पुसतात का, वीज गेली की इन्व्हर्टर आहे का. एप्रिलमध्ये सुंदर वाटलेली उघड्या अंगणाची जागा जुलैत बंदच असते.

---

कॅम्पचा_वड

हंगामाचा विषय निघालाच आहे तर डिसेंबरही लक्षात ठेवा. सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की बाहेरून अधिकारी, पोलीस, पत्रकार, मोर्चेकरी असे सगळे येतात. चांगल्या हॉटेलांत सकाळी जागा मिळत नाही. त्या दिवसांत नवं ठिकाण पारखू नका, त्यांच्यावर अन्याय होईल. गल्लीतल्या चार बाकड्यांच्या हॉटेलात जा.

---

जायफळ_वेलची

सगळे फिल्टर आणि एस्प्रेसोच्या मागे आहेत, म्हणून आपल्या घरच्या कॉफीची आठवण करून देते. दुधात साखर घालून उकळायचं, कॉफी घालायची, वर जायफळ किसून आणि वेलचीपूड. मराठी घरांत हळदीकुंकवाला, बारशाला, कुणी दमून आलं तर हीच. बेळगावात तिन्ही कॉफ्या एका शहरात नांदतात: उडुपी हॉटेलातली, घरची जायफळाची आणि मशीनवरची. हे वैभव आहे, आणि बाहेरच्या पाहुण्याला मी आवर्जून सांगते.

पण जायफळाची कॉफी बाहेर फारशी मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखाद्या नव्या कॅफेवाल्यानं ती नीट करून मेनूवर आणावी. जायफळ आयत्या वेळी किसलेलंच हवं, पूड नको. दालचिनीची कॉफी आपण कौतुकानं पितो, मग जायफळ काय वाईट? जिथं मालकाशी ओळख झाली तिथं मी हे बोलते. एका ठिकाणी थंडीत करून बघू म्हणालेत.

---

शहापूरकर

जायफळाची मिळायला लागली तर आमच्या आईला घेऊन येतोय, नक्की. कुठली गल्ली तेवढं सांगा.

---

जायफळ_वेलची

@शहापूरकर, अनगोळ रोडच्या बाजूला. सुरू झालं की इथंच लिहीन, त्यांनी आधी एकदा करून दाखवू दे.

---

निपाणी_नाका

बेळगाव शहराबाहेरचं थोडं. आम्ही निपाणीचे. पुणे-बंगळूर हायवेला कॉफीचे फलक जागोजाग दिसतात, पण हायवेची कॉफी आणि गावातली कॉफी यात फरक करा. हायवेला येणारा माणूस परत येईलच असं नाही, हे मालकालाही ठाऊक असतं. निपाणी, संकेश्वर इथं वेळ असेल तर सर्व्हिस रोड सोडून गावात शिरा. तंबाखूच्या हंगामात बाजारात वर्दळ असते तेव्हा हॉटेलांत फिल्टर सतत चालू असतात. वर डिकॉक्शन यांनी सांगितलेला नियम इथंही लागू पडतो, गर्दीच्या हॉटेलातलंच ताजं.

हायवेलाच थांबायचं असेल तर बस कुठं थांबतात त्याकडं बघू नका. बसवाल्याला जेवण फुकट असतं, म्हणून तो तिथं थांबतो. जवळच्या गावच्या मोटरसायकली बाहेर लागलेल्या दिसल्या तर आत जा.

---

आडवाटेवरचा

मोटरसायकलींची खूण उत्तम. शहरातही चालते. दाराशी सायकली आणि जुन्या स्कूटर असतील तर तो रोजचा अड्डा.

---

खानापूरवाली

एक प्रश्न राहिला. चोर्ला घाटानं गोव्याला पहाटे निघणाऱ्यांनी कॉफी कुठं घ्यावी? पुढच्या आठवड्यात घरची मंडळी निघणार आहेत, पाच-साडेपाचला. नव्या कॅफेंची दारं तेव्हा बंद असतात.

---

डिकॉक्शन

पहाटे पाचला बेळगावात जागं असतं ते रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्टँड आणि भाजी मार्केटच्या आसपासचं. तिथली हॉटेलं हमाल आणि ड्रायव्हर लोकांसाठी उघडतात, त्यामुळे चहा नक्की मिळेल, कॉफीचं मात्र विचारून घ्या. फिल्टर लावून वीस मिनिटं झाली नसतील तर ते बाटलीतल्या इन्स्टंट पुडीवर काम भागवतात. "डिकॉक्शन उतरलं का?" एवढं विचारा. उतरलं नसेल तर चहा घ्या.

त्याहून सोपं म्हणजे रात्री घरीच फिल्टर लावून ठेवा. सकाळी डिकॉक्शन एका लहान बाटलीत आणि गरम दूध थर्मासमध्ये, दोन्ही वेगवेगळं न्या. एकत्र करून नेलं तर वाटेत चव उतरते. जांबोटीच्या पुढं घाट उतरायच्या आधी गाडी बाजूला घेऊन मिसळा. साखर वेगळी ठेवा, म्हणजे प्रत्येकाला हवी तशी. पेले स्टीलचेच न्या, आणि ते परत घरी आणा, घाटात काही टाकू नका.

---

खानापूरवाली

हे जमेल. थर्मास आहे, फिल्टर आईकडून आणते. चार जणांना पूड किती घालू?

---

डिकॉक्शन

माणशी दोन सपाट चमचे, आणि वर एक चमचा. पाणी दीड वाटी. चिकोरी असलेली पूड असेल तर सावकाश उतरते, म्हणून रात्री झोपण्याआधीच लावा.